सुगम्य इलेक्ट्रॉनिक उपकरणे

सुगम्य इलेक्ट्रॉनिक उपकरणे म्हणजे दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल किंवा आकलन यांपैकी कोणत्याही क्षमतेची मर्यादा असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता येतील अशा रीतीने रचलेली दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने होत. मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच, संगणक, धुलाई यंत्र, मायक्रोवेव्ह भट्टी, विद्युत शेगडी, दूरनियंत्रक (रिमोट) आणि खेळांची नियंत्रणयंत्रे यांचा त्यांत समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २.६८ कोटी नोंदवली गेली. त्यांपैकी सुमारे २९.६ लाख व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या.

उपकरण सुगम्य आहे की नाही हे प्रामुख्याने त्याच्या रचनेच्या वेळी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. सपाट काचेचा स्पर्शपडदा (टचस्क्रीन) अंध व्यक्तीला पूर्णतः निरुपयोगी ठरू शकतो आणि उत्तम साधनही ठरू शकतो. फोनच्या बाबतीत या दोन्ही अवस्था अवघ्या काही वर्षांच्या अंतराने अनुभवास आल्या.

## संज्ञा आणि व्याप्ती

या विषयात तीन संज्ञा वारंवार येतात व त्यांचे अर्थ परस्परांपासून वेगळे आहेत.

सहायक तंत्रज्ञान म्हणजे अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम तयार केलेले साधन. श्रवणयंत्र, ब्रेल लिपीतील मजकूर उमटवणारी पट्टी, पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी स्क्रीन रीडर ही आज्ञावली ही त्याची उदाहरणे होत.

सुगम्यता म्हणजे सर्वसाधारण बाजारातील वस्तू अपंग व्यक्तीला थेट किंवा सहायक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने वापरता येण्याचा गुण.

सार्वत्रिक रचना म्हणजे वेगळे रूपांतर न करता शक्य तितक्या अधिक लोकांना वापरता येईल अशी वस्तू मुळातच घडवण्याची पद्धत. ही संज्ञा अमेरिकी वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी रूढ केली. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाची खुर्ची वापरत. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील त्यांच्या केंद्राने १९९७ साली सार्वत्रिक रचनेची सात तत्त्वे प्रसिद्ध केली.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

दूरध्वनीच्या प्रसारामुळे ऐकू येणाऱ्या लोकांचा परस्परसंपर्क सुलभ झाला, तसतसे कर्णबधिर लोक त्या व्यवहारातून वगळले गेले. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने टंकलिखित अक्षरांचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करून ते साध्या दूरध्वनीच्या तारेवरून पाठवणारे साधन तयार केले. दूरध्वनीचा रिसीव्हर त्या साधनावर ठेवला की दोन्ही टोकांच्या टंकलेखन यंत्रांवर संभाषण उमटत असे. त्यासाठी दूरध्वनीच्या जाळ्यात कोणताही बदल करावा लागला नाही.

दूरचित्रवाणीच्या मथळापट्ट्यांचा, म्हणजे संवाद पडद्यावर अक्षरांत दाखवण्याच्या सोयीचा, इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेत प्रारंभी या पट्ट्या पाहण्यासाठी संचाला जोडायची स्वतंत्र पेटी विकत घ्यावी लागे. १९९० च्या कायद्याने १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या संचात ही सोय अंगभूत असणे बंधनकारक केले व जुलै १९९३ पासून त्याची अंमलबजावणी झाली. स्वतंत्र पेटीचे काम संचातील एका छोट्या मंडलाकडे आले आणि मथळापट्ट्या घरोघरी पोहोचल्या. पुढे गोंगाटाच्या ठिकाणी बसलेले प्रेक्षक आणि नवी भाषा शिकणारे विद्यार्थीही त्यांचा वापर करू लागले.

तिसरे उदाहरण आकाराने अगदी लहान आहे. बटणांच्या दूरध्वनीवर ‘५’ या अंकावर एक बारीक उंचवटा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत या खुणेचा समावेश आहे. मधला अंक बोटाला सापडला की उरलेले अंक त्याच्या भोवती कोठे आहेत हे न पाहता कळते. अंध व्यक्तींप्रमाणेच अंधारात फोन लावणाऱ्या कोणालाही ही खूण उपयोगी पडते.

## स्पर्शपडद्याचा प्रश्न आणि त्याची उकल

२००७ नंतर स्पर्शपडद्याचे फोन झपाट्याने पसरले. बटणे नाहीशी झाली आणि त्यांच्यासोबत बोटांना वाचता येणारी प्रत्येक खूणही गेली. बटणावर बोट ठेवणे आणि ते दाबणे या दोन वेगळ्या क्रिया असतात. डोळ्यांनी न पाहणारी व्यक्ती आधी बोटाने चाचपून बटण ओळखते आणि मगच ते दाबते. स्पर्शपडद्यावर मात्र चाचपण्याचा प्रत्येक प्रयत्न हाच आदेश ठरतो. अडचणीचे मूळ काचेच्या सपाटपणापेक्षाही ‘शोधणे’ आणि ‘करणे’ या क्रिया एक होण्यात होते.

या प्रश्नाची उकल या दोन क्रिया पुन्हा वेगळ्या करण्यातून झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली स्पर्शपडद्यासाठी बोलणारी, विशिष्ट हस्तमुद्रांवर आधारलेली पद्धत मांडली. जून २००९ मध्ये आलेल्या आयफोन ३ जीएस या फोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही स्क्रीन रीडर आज्ञावली अंगभूत होती. तिच्यात पडद्यावर बोट फिरवले असता बोटाखालील घटकाचे नाव ऐकू येते, पण कोणतीही कृती घडत नाही. कृती घडवण्यासाठी पडद्यावर कोठेही दोनदा टिचकी मारावी लागते. त्याच वर्षी अँड्रॉइड प्रणालीच्या १.६ या आवृत्तीत सुगम्यतेची चौकट व ‘टॉकबॅक’ ही सोय आली.

अँड्रॉइडवरील या कामात टी. व्ही. रामन या अंध संगणकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या १४ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणिताचे आणि मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. गणिती सूत्रांसह तांत्रिक मजकूर ध्वनिरूपात सादर करणे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे गूगलमध्ये काम करताना त्यांनी सहकाऱ्यांसह स्पर्शपडद्यावर न पाहता क्रमांक लावण्याची एक पद्धत विकसित केली. तिच्यात बोट प्रथम जेथे टेकेल ती जागा ‘५’ मानली जाते. तेथून बोट वर सरकवले की ‘२’, खाली सरकवले की ‘८’, डावीकडे ‘४’ आणि उजवीकडे ‘६’. वापरणाऱ्याने पडद्यावरील ठरावीक जागा शोधण्याऐवजी पडद्यानेच वापरणाऱ्याच्या बोटाशी जुळवून घेतले. जुन्या बटणावरील उंचवट्याचे काम येथे गणनेने केले आहे.

## रचनेची मुख्य तत्त्वे

### एकाच माहितीचे अनेक मार्ग

कोणतीही महत्त्वाची सूचना एकाच ज्ञानेंद्रियावर अवलंबून नसावी. फोन वाजताना आवाज, कंपन आणि प्रकाश या तिन्हींची सोय असेल तर कर्णबधिर, अंध आणि बहिरांध व्यक्तींपैकी प्रत्येकाला किमान एक मार्ग खुला राहतो. रंगाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. चार्जिंग चालू असताना तांबडा आणि पूर्ण झाल्यावर हिरवा होणारा एकच दिवा लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्या व्यक्तीला काहीच सांगत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ मागे १ आहे. दिव्यांच्या जागा वेगळ्या ठेवणे किंवा एक दिवा लुकलुकता ठेवणे हा त्यावरील साधा उपाय होय.

### दिसण्याची सुस्पष्टता

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशविरोधाचे गुणोत्तर किमान ४.५ : १, तर मोठ्या मजकुराचे किमान ३ : १ असावे. ही तत्त्वे संकेतस्थळांसाठी लिहिलेली असली तरी उपकरणांच्या पडद्यांसाठीही वापरली जातात. पांढऱ्या पृष्ठभागावर फिकट करड्या अक्षरांत लिहिलेली बटणांची नावे ही कसोटी बहुधा पार करत नाहीत. मिरगीच्या झटक्यांचा धोका टाळण्यासाठी पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होऊ नये, असेही ही तत्त्वे सांगतात.

### श्रवणयंत्राशी जुळणी

अनेक श्रवणयंत्रांत चुंबकीय संकेत ग्रहण करणारे वेटोळे असते. त्याच्याशी जुळणाऱ्या फोनचा आवाज परिसरातील गोंगाट वगळून थेट श्रवणयंत्रात पोहोचतो. फोनमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे श्रवणयंत्रात खरखर होऊ नये याचीही काळजी रचनेत घ्यावी लागते. एकाच कानाने ऐकू येणाऱ्या व्यक्तीसाठी डाव्या-उजव्या बाजूचे ध्वनी एकत्र करण्याची सोय महत्त्वाची असते.

### कमी श्रम आणि चुकीला वाव

हातात जोर नसलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तीसाठी बटणाचा आकार, दोन बटणांमधील अंतर आणि दाबण्यास लागणारे बल निर्णायक ठरते. अमेरिकी मानकांनुसार नियंत्रण चालवण्यास लागणारे बल २२.२ न्यूटनपेक्षा अधिक नसावे. एकाच वेळी दोन बटणे दाबणे, चिमटीत धरून पिळणे अशा कृतींना पर्याय असावा. चुकून दाबलेले बटण रद्द करता यावे आणि उत्तरासाठी दिलेला वेळ वाढवता यावा.

हालचालींवर तीव्र मर्यादा असलेल्या व्यक्ती डोके, हनुवटी, पाऊल किंवा श्वास यांनी चालणारा स्विच वापरतात. असे अनेक स्विच ३.५ मिलिमीटरच्या प्रचलित खोबणीत बसतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेल्या ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ या खेळयंत्र-नियंत्रकावर अशा १९ खोबणी आहेत. त्यामुळे व्यक्तीकडे आधीपासून असलेले स्विच त्यास जोडता येतात. त्याचे खोकेही हातांत मर्यादित बळ असलेल्या व्यक्तीला उघडता यावे अशा रीतीने रचले आहे.

### सोपी, स्थिर मांडणी

बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना थोडे पर्याय, ओळखीची चिन्हे, साधी भाषा आणि न बदलणारी मांडणी उपयुक्त ठरते. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर बटणांची जागा बदलणारे उपकरण अशा व्यक्तीला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. न पाहता सवयीने वापरणाऱ्या अंध व्यक्तीचीही हीच अडचण होते.

### खोके उघडल्यापासून सुगम्यता

सुगम्यतेची सोय सेटिंग्जच्या आत खोलवर असेल आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठीच दृष्टी लागत असेल, तर ती सोय असून नसल्यासारखी असते. म्हणून नवा फोन प्रथम सुरू करतानाच ठरावीक बटण दाबून किंवा पडद्यावर ठरावीक हस्तमुद्रा करून स्क्रीन रीडर चालू करता येण्याची व्यवस्था केली जाते.

## गृहोपयोगी उपकरणांतील स्थिती

फोनच्या क्षेत्रात झालेली प्रगती स्वयंपाकघरात आणि मोरीत त्या प्रमाणात पोहोचलेली नाही. जुन्या धुलाई यंत्राची चकती ठरावीक टप्प्यांवर अडखळत फिरे. किती खटके झाले हे मोजून कार्यक्रम निवडता येई. तिची जागा अखंड फिरणाऱ्या चकतीने आणि पडद्याने घेतली, तेव्हा चकतीची स्थिती केवळ डोळ्यांनाच कळू लागली. विद्युत शेगड्या व मायक्रोवेव्ह भट्ट्यांवर सपाट स्पर्शबटणे आली. त्यांना वाचाही नाही आणि उंचवटाही नाही. कोणतेही बटण दाबले तरी एकसारखाच ‘बीप’ ऐकू येतो. फोनने मागे सोडलेली ‘शोधणे म्हणजेच करणे’ ही अडचण येथे कायम राहिली आहे.

काही ठिकाणी हा प्रश्न सुरक्षिततेचा होतो. काचेच्या पृष्ठभागाच्या अनेक शेगड्या बंद केल्यावरही पृष्ठभाग तापलेला असल्याची सूचना पडद्यावरील एका अक्षराने देतात. अंध व्यक्तीपर्यंत ही सूचना पोहोचत नाही. स्पर्शपडद्याच्या कार्ड स्वीकारणाऱ्या यंत्रावर गुप्त क्रमांक टंकता न आल्यास तो दुकानदाराला किंवा सोबतच्या व्यक्तीला सांगावा लागतो. येथे गैरसोयीबरोबरच आर्थिक गोपनीयतेचाही भंग होतो.

अशा उपकरणांवर वापरणारे स्वतःच उपाय शोधतात. आवश्यक बटणांवर उंचवट्याचे चिकट ठिपके किंवा वाळून घट्ट होणाऱ्या रंगाचे थेंब लावणे हा रूढ उपाय आहे. तथापि स्पर्शबटणावर थेट ठिपका लावल्यास शोधणारे बोटच आदेश देण्याची शक्यता असते. म्हणून खूण बटणाच्या कडेला करावी लागते. पडद्यावरील बदलत्या याद्यांना हा उपाय लागू पडत नाही.

फोनवरील उपयोजनाद्वारे (ॲप) उपकरण चालवणे हा अलीकडचा पर्याय आहे. सुगम्य फोनवरून धुलाई यंत्राचा कार्यक्रम निवडता येतो आणि उरलेला वेळ ऐकता येतो. मात्र ते उपयोजन स्वतः सुगम्य असावे लागते आणि त्यातील बटणांना वाचता येण्याजोगी नावे दिलेली असावी लागतात. कंपनीने उपयोजनाची देखभाल थांबवल्यास चालू स्थितीतील यंत्रही अंध व्यक्तीच्या दृष्टीने मुके होते. त्यामुळे मूलभूत कार्ये यंत्रावरच सुगम्य असावीत, अशी मागणी केली जाते.

## मराठी भाषा आणि सुगम्यता

बोलणारे उपकरण वापरणाऱ्याच्या भाषेत बोलले तरच ते खऱ्या अर्थाने सुगम्य ठरते. अँड्रॉइड प्रणालीवर मराठी कृत्रिम वाणी उपलब्ध आहे, तर ‘ईस्पीक एनजी’ ही मुक्तस्रोत वाणीप्रणालीही मराठीला आधार देते. असे असले तरी काही अडचणी मराठीसाठी विशेष आहेत.

* लिपी एक, भाषा दोन : मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. मजकुराची भाषा नोंदवलेली नसल्यास मराठी मजकूर हिंदी वाणीने वाचला जाऊ शकतो. तेव्हा ‘२५’ हा आकडा ‘पंचवीस’ऐवजी ‘पच्चीस’ असा ऐकू येतो, आणि ‘चोर’ व ‘चार’ या शब्दांतील ‘च’च्या उच्चारांतील फरक नाहीसा होतो.
* युनिकोडपूर्व टंक : जुन्या अनेक मराठी टंकांत अक्षरांचे केवळ आकार देवनागरी असतात, त्यांमागील संकेतांक मात्र रोमन अक्षरांचे असतात. डोळ्यांना नीट दिसणारा असा मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून मिळतो. चित्ररूपात पाठवलेल्या सूचना व परिपत्रके यांच्याबाबतीतही मजकूर हाती लागत नाही.
* ब्रेल : १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेल पद्धतीत भारतीय भाषांतील समान ध्वनींना शक्यतो समान ठिपके दिले आहेत. मराठी ब्रेल याच पद्धतीचा भाग आहे. फोनला जोडता येणाऱ्या ब्रेल पट्टीवर मजकूर ठिपक्यांच्या रूपात उमटतो. बहिरांध व्यक्तीसाठी फोन वापरण्याचा तो मुख्य मार्ग आहे.

## कायदे आणि मानके

### आंतरराष्ट्रीय

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. त्याचे नववे कलम सुगम्यतेविषयी आहे. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने दूरध्वनी उपकरणांवर आणि २०१० च्या कायद्याने आधुनिक संपर्कसाधने व दूरचित्रवाणी संचांवर सुगम्यतेची बंधने घातली. युरोपीय संघाचा २०१९ चा सुगम्यता निर्देश २८ जून २०२५ पासून लागू झाला. त्याच्या कक्षेत संगणक, स्मार्टफोन, ई-पुस्तकवाचक, तिकीट यंत्रे व पैसे देणारी यंत्रे येतात. धुलाई यंत्रे किंवा शेगड्या त्या यादीत नाहीत.

### भारत

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी उपरोक्त कराराला अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सार्वत्रिक रचनेत उपलब्ध होतील यासाठी शासनाने उपाययोजना करावी, असे त्याचे ४२ वे कलम सांगते. ४३ वे कलम सार्वत्रिक रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन व वितरण यांना चालना देण्याविषयी आहे. दोन्ही कलमांतील कर्तव्य शासनाला उद्देशून आहे. भारतीय मानक ब्यूरोने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी ‘आयएस १७८०२’ हे मानक २०२१ व २०२२ साली दोन भागांत प्रसिद्ध केले.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेविषयीचा नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके निश्चित करण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजीच्या दुसऱ्या निर्णयात, अंध व्यक्ती व ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना डिजिटल ओळख-पडताळणीत येणाऱ्या अडथळ्यांचा विचार झाला. व्यक्ती जिवंत असल्याची खात्री पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्याची अट त्या अडथळ्यांपैकी होती. डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

## रचनाप्रक्रिया आणि चाचणी

उपकरणाचा साचा तयार झाल्यावर त्यात उंचवटा, ध्वनिवर्धक किंवा वेगळी खोबण बसवणे खर्चिक असते. आराखड्याच्या टप्प्यावर तोच निर्णय तुलनेने अल्प खर्चात घेता येतो. त्यामुळे अपंग व्यक्तींचा सहभाग अखेरच्या चाचणीपुरता न ठेवता प्रारंभापासून असावा, असे या क्षेत्रात मानले जाते.

डोळस अभियंत्याने डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली चाचणी पुरेशी ठरत नाही. त्याला अंधारात चाचपडण्याचा अनुभव येतो, पण वर्षानुवर्षे ध्वनी व स्पर्श यांवर विसंबून काम करणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य त्याच्याकडे नसते. काय अवघड आहे आणि काय अगदी सोपे आहे, या दोन्हींविषयी त्याचे अनुमान चुकू शकते.

## मर्यादा

वेगवेगळ्या अपंगत्वांच्या गरजा कधी परस्परविरोधी असतात. अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीला प्रखर पडदा लागतो, तर प्रकाशाचा त्रास होणाऱ्या व्यक्तीला मंद. बोलणारे उपकरण अंध व्यक्तीला आवश्यक असते, पण आवाजाने विचलित होणाऱ्या व्यक्तीला तेच नकोसे वाटते. त्यामुळे सर्वांना सारखीच सोयीची एकच मांडणी बहुधा शक्य नसते. बदलता येणाऱ्या सेटिंग्ज हा त्यावरचा मार्ग आहे.

सुगम्य सोयी अनेकदा महागड्या प्रतिमानांतच दिल्या जातात, ही या क्षेत्रावरील एक टीका आहे. काही गरजा सर्वसाधारण उपकरणाच्या रचनेतून पूर्ण होत नाहीत आणि तेथे स्वतंत्र सहायक तंत्रज्ञान लागतेच. ब्रेल पट्टीसारखी साधने महाग असल्याने ती अनेकांच्या आवाक्याबाहेर राहतात. उलटपक्षी, ‘५’ वरील उंचवटा, खटक्यांनी फिरणारी चकती आणि वर-खाली करताना वेगळा वाजणारा ध्वनी यांसारख्या सोयींना फारसा खर्च येत नाही.